विश्लेषण : ‘डेपो’ म्हणजे अख्खा ‘डे’ गेला तरी ‘पो’चवत नाही तो! इंग्रजी शब्दांच्या मराठी कोट्या कशा घडतात?

महाडच्या एसटी स्थानकात तासभर गाडीची वाट पाहिलेल्याला ‘डेपो’चा अर्थ विचारा. अख्खा ‘डे’ गेला तरी ‘पो’चवत नाही तो डेपो, ही व्याख्या त्याला लगेच पटेल. इंग्रजी शब्द मोडायचा, त्यातून मराठी अर्थ काढायचा आणि तो शब्दकोशाच्या गंभीर सुरात सांगायचा, असा हा खेळ. मोबाइलवर असे विनोद रोज फिरतात. त्यामागचे तंत्र काय आहे?

कोटी म्हणजे नेमके काय?

शब्दावरच्या खेळाला मराठीत ‘कोटी’ म्हणतात. आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्या कोट्या प्रसिद्धच आहेत. अलंकारशास्त्रात याला श्लेष म्हणतात. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर तो अभंग श्लेष, तोडून निघाले तर सभंग श्लेष. इंग्रजीत विनोदी व्याख्येला ‘डॅफिनिशन’ असे नाव आहे. ‘डॅफी’ म्हणजे वेडगळ, त्याला ‘डेफिनिशन’ जोडून तयार झालेला हा शब्द स्वतःच एक कोटी आहे.

व्याख्या कशी तयार होते?

महाड-पोलादपूरच्या रोजच्या व्यवहारातले काही शब्द पाहा.

ऑफिस : जिथे गेल्यावर आधी ‘ऑ?’ ऐकू येते आणि मग ‘फीस’.
सर्व्हर : रांगेतल्या ‘सर्वां’ना ‘हर’वतो तो.
मीटिंग : घंटा ‘टिंग’ वाजेपर्यंत प्रत्येक जण ‘मी, मी’ करतो ती.
लोन : एका घराने घेतले की आळीभर पसरते ते ‘लोण’.
रेंज : घाटाच्या वळणावर ‘रेंगा’ळते ती.

पहिल्या तिन्हींत शब्दाची फोड आहे. ‘लोन’ आणि ‘रेंज’मध्ये नुसते ध्वनिसाम्य आहे. पण केवळ आवाज जुळून भागत नाही. सर्व्हर बंद म्हणून दाखल्याशिवाय परतलेल्या माणसाला ‘सर्व्हर’ची व्याख्या लगेच भिडते. अनुभव खरा असेल तरच कोटी जमते, नाही तर ती ओढूनताणून आणलेली वाटते.

परके शब्द आपलेसे करण्याची ही रीत जुनी आहे का?

याची दोन जुनी उदाहरणे याच भागाशी जोडलेली आहेत. रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. तिथे १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. हा राजदरबाराचा मार्ग होता.

लोकांचा मार्ग वेगळा. ते परका शब्द टाकून देत नाहीत, आपल्या कानाला पटेल असा वळवून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवणारे फौजी आंबवडे हे गाव महाड तालुक्यातलेच. इंग्रजी फौजेत ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला आणि पहारेकऱ्याचे ‘हू कम्स देअर’ हे दरडावणे ‘हुकुमदार’ झाले. अनोळखी आवाजात ओळखीचा अर्थ शोधण्याच्या या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती नकळत होते, तर कोटी जाणूनबुजून केली जाते.

यातून मिळते काय?

कोटी कळायला दोन्ही अर्थ माहीत असावे लागतात. वाडीवरून महाडला कॉलेजसाठी येणारी मुलगी ‘मीटिंग’च्या व्याख्येवर हसते, तेव्हा तो इंग्रजी शब्द तिच्या ओळखीचा झालेला असतो. मराठी माध्यमातल्या मुलांची इंग्रजीची धास्ती अशा खेळाने थोडी कमी होऊ शकते. मात्र, आजोबा ‘टेशन’ म्हणाले म्हणून त्यांना हसणे ही कोटी नव्हे, टवाळी आहे. त्यामुळे माणूस पुढच्या वेळी बोलायचेच टाळतो.

कुठे थांबायला हवे?

जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले. तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा भागात पावसाळ्यात ‘अलर्ट’ या शब्दाचा एकच अर्थ पोचायला हवा. हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ असा : ‘यलो’ म्हणजे लक्ष ठेवा, ‘ऑरेंज’ म्हणजे तयारीत राहा आणि ‘रेड’ म्हणजे कृती करा. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर हवामान खात्याच्या वर्गवारीत तो सर्वांत वरच्या श्रेणीत मोडतो.

इशाऱ्याच्या दिवशी ग्रुपवर ‘रेड अलर्ट’ची गमतीदार व्याख्या आली, तर ती पुढे पाठवण्याआधी एक काम करावे. घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना त्याचा खरा अर्थ साध्या मराठीत सांगावा.