मे महिन्याची ऑफर, पावसाळ्यातलं पुस्तक

छोट्या प्रकाशकांच्या उन्हाळी सवलतींचे मेसेज तुमच्याही फोनवर येत असतील. अंगठ्यानं वर ढकलण्याआधी त्यांच्यामागचा हिशोब एकदा बघून घ्या. त्यात तुमचा फायदा आहेच, पण तेवढंच नाही.

शेवटचा पेपर झाला की फोनवर काय काय यायला लागतं बघा. शूजवर फ्लॅट पन्नास टक्के, ट्रेकिंगच्या बॅगेवर कूपन, वॉटर पार्कचं ग्रुप पॅकेज. या गर्दीत मध्येच एक साधीशी पोस्ट असते. पुस्तकाचं कव्हर, खाली 'किंमत ३००, महिनाअखेरपर्यंत २२५' अशी ओळ, यूपीआयचा क्यूआर कोड आणि एक मोबाइल नंबर. ना मॉडेल, ना म्युझिक.

ही पोस्ट टाकणारा प्रकाशक म्हणजे बऱ्याचदा दोन-तीन माणसंच असतात. हस्तलिखित वाचायचं त्यांनीच, प्रुफं तपासायची त्यांनीच आणि ऑर्डर आली की पुठ्ठा कापून पार्सल बांधायचं तेही त्यांनीच. तुम्ही त्या नंबरवर 'हाय' टाकलंत, तर उत्तर बॉटकडून येणार नाही. कदाचित संपादकच देईल.

७५ तुमचे, ४५ त्यांचे

पंचवीस टक्के सवलत दिली म्हणजे प्रकाशक तोट्यात विकतोय, असं आपल्याला वाटतं. समजा, पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे. ते वितरक आणि दुकानामार्फत गेलं, तर त्यांचं कमिशन साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास धरा, कधी त्याहून जास्तही. म्हणजे १२० रुपये तिथेच गेले. उरले १८०. त्यातून कागद, छपाई, बांधणी, कव्हर करणाऱ्याचं मानधन, लेखकाची रॉयल्टी आणि गोदामाचं भाडं. शिवाय हे १८० रुपये लगेच हातात येत नाहीत. माल उधारीवर जातो, पैसे काही महिन्यांनी येतात आणि न विकलेल्या प्रती परतही येऊ शकतात.

आता तेच पुस्तक तुम्ही थेट प्रकाशकाकडून २२५ला घेतलं. तुमचे ७५ वाचले, प्रकाशकाला ४५ जास्त मिळाले आणि तेही त्याच दिवशी. पुढच्या पुस्तकाचा कागद रोखीनं घ्यायचा असेल, तर 'त्याच दिवशी' या शब्दांची किंमत पंचेचाळीस रुपयांपेक्षा मोठी असते.

यात पुस्तकाचं दुकान बाजूला पडतं, हे खरं. पण दुकानात उभं राहून चाळीस पानं फुकट वाचायला मिळतात, न मागितलेलं पुस्तक हाताला लागतं, ते फोनवर होत नाही. त्यामुळे सगळी खरेदी थेटच करा, असं अजिबात म्हणणं नाही. दुकानात कधीच न पोचणारी पुस्तकं तरी थेट घ्या.

उन्हाळाच का?

कॉलेजं आणि ग्रंथालयांची खरेदी मार्चअखेरीला उरकलेली असते. साहित्य संमेलन आणि मोठी पुस्तक प्रदर्शनं बहुतेक हिवाळ्यात. दिवाळी अंकांची गडबड अजून लांब. एप्रिल-मे म्हणजे गल्ला शांत असण्याचे दिवस. त्यात समोर पावसाळा. कागद ओल धरतो, वाळवी लागते, गठ्ठ्यातल्या खालच्या प्रती फुगतात. मृगाच्या आत गोदामातला माल हलला तर हवाच असतो. म्हणून २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनापासून ऑफर्सची रांग लागते.

या ऑफर्स साधारण तीन जातीच्या. पहिली, शिल्लक साठ्यावरची सवलत. यात जुनी, चांगली, विसरली गेलेली पुस्तकं निम्म्या किमतीतही मिळून जातात. दुसरी, संच सवलत. एकाच लेखकाची किंवा विषयाची चार-पाच पुस्तकं एकत्र. इथे सावध राहा, पाचातली दोनच वाचायची असतील तर संच स्वस्त नसतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, प्रकाशनपूर्व सवलत. यात पुस्तक अजून छापलेलंच नसतं.

आधी पैसे, मग पुस्तक

न छापलेल्या पुस्तकाचे पैसे भरायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. क्राउडफंडिंग म्हटलं की लगेच ओळखीचं वाटेल. पण मराठीत ही रीत क्राउडफंडिंग हा शब्द यायच्या कितीतरी आधीची. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभरेक वर्षांपूर्वी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' काढायचा ठरवला, तेव्हा त्यासाठी चक्क लिमिटेड कंपनी उभी केली, गावोगावी फिरून भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. त्यातून २३ खंड उभे राहिले.

तिकडे इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरात 'अँड अदर स्टोरीज' नावाची छोटी प्रकाशनसंस्था आहे. तिचे वाचक आगाऊ वर्गणी भरतात आणि त्यांची नावं पुस्तकात छापली जातात. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, 'हार्ट लॅम्प', याच संस्थेनं काढला आणि मे २०२५मध्ये त्याला इंटरनॅशनल बुकर मिळालं. त्याआधी मे २०२२मध्ये गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'च्या डेझी रॉकवेलकृत अनुवादाला बुकर मिळालं, तोही 'टिल्टेड ॲक्सिस' या छोट्या प्रकाशनाचाच. आपल्याकडे अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' अशोक शहाणेंच्या 'प्रास प्रकाशन'नं काढली. तिला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बक्षिसं मिळाली म्हणून ही नावं सगळ्यांना कळली. पण छापायला घेतली तेव्हा यांतल्या कुठल्याच पुस्तकाची खात्री नव्हती. नव्या कवीचा पहिला संग्रह, बोलीभाषेतली कादंबरी, शेजारच्या राज्यातल्या लेखिकेचा अनुवाद, अशा पुस्तकांना मोठे प्रकाशक 'बघू' म्हणतात. छोटा प्रकाशक 'काढू' म्हणतो आणि मग मे महिन्यात क्यूआर कोड टाकून बसतो. तीनशे जणांनी आगाऊ पैसे भरले, तर प्रेसला ऑर्डर देता येते. तीसच जणांनी भरले, तर पुस्तक पुढच्या वर्षावर जातं. कधी कधी ते पुढचं वर्ष येतच नाही. तुमच्या एका ऑर्डरचं वजन बेस्टसेलरच्या बाबतीत शून्य असतं, इथे नसतं.

टपालाचा हिशोब

खरी अडचण अनेकदा टपालखर्चाची असते. दीडशेचं पुस्तक आणि त्यावर कुरिअरचे साठ-सत्तर, मग सवलत कसली? पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपाल खात्याची बुकपोस्टची सोय डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली, तेव्हा छोटे प्रकाशक हवालदिल झाले होते. मग १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. सुरुवातीचे दर असे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल रस्त्यानं किंवा रेल्वेनं जातं म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळतं.

या दरात तुमच्यासाठी एक युक्ती दडलीय. पाव किलोची अठरा पुस्तकं एका गठ्ठ्यात सहज बसतात. म्हणजे कर धरूनही एका पुस्तकामागे टपालखर्च सातेक रुपये. हॉस्टेलच्या मजल्यावर, क्लासच्या ग्रुपवर विचारा, एकत्र ऑर्डर द्या. एकगठ्ठा मागणी आहे म्हटल्यावर प्रकाशक जास्तीची सवलतही देऊ शकतात. विचारायला लाजू नका.

पैसे भरण्याआधी

भावनेच्या भरात क्यूआर स्कॅन करू नका. चार गोष्टी आधी विचारा. पुस्तक कधी येणार, महिना सांगा. पानं किती, बांधणी कुठली? टपालखर्च किंमतीत धरलाय की वेगळा? आणि पुस्तक रद्द झालं तर पैसे परत मिळणार का? नीट काम करणारा प्रकाशक याची सरळ उत्तरं देतो. उशीर होईल हे गृहीत धरा, प्रेस आणि पाऊस दोघांचाही भरवसा नसतो. उत्तरं गोलमोल आली, तर पुस्तक छापून आल्यावर घ्या.

आणि पैसेच नसतील तर? पॉकेटमनी संपलेला असणं हा काही गुन्हा नाही. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक लिहून मागणी द्या. ग्रंथालयानं घेतलेली एक प्रत पन्नास जण वाचतात आणि प्रकाशकाला पैसेही मिळतात. फक्त टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ घेऊ नका. पाचशे प्रती छापणाऱ्याच्या पन्नास प्रती त्या फाइलमध्ये बुडाल्या, तर त्याच्या पुढच्या पुस्तकाचा कागद बुडतो.

निकाल लागेपर्यंत सुट्टी आहे. एक पिझ्झा बाजूला ठेवला, तर एका पुस्तकाची प्रकाशनपूर्व नोंदणी होते. जून-जुलैमध्ये कधीतरी, कॉलेज सुरू झाल्यावर, पोस्टमन दारात तपकिरी कागदात गुंडाळलेलं, थोडं दमट पार्सल ठेवून जाईल. तोवर ऑर्डर दिल्याचं तुम्ही विसरलेलेही असाल.