विश्लेषण : विकतची गांडुळे शेतात का टिकत नाहीत?

गांडूळखताच्या बेडमधील गांडुळे शेतात सोडली की जमीन सुधारेल, असा अनेक शेतकऱ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ही गांडुळे सहसा तग धरत नाहीत.

गांडुळे जमिनीसाठी काय करतात?
ती पालापाचोळा व माती गिळून विष्ठेवाटे बाहेर टाकतात. या विष्ठेत पिकाला सहज मिळणारे नत्र व स्फुरद आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त असते. बिळांमुळे पाणी मुरते, मुळांना हवा मिळते. इंग्लंडमधील अनेक ठिकाणी एकरी वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असा हिशेब चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये मांडला होता.

मग अडचण कुठे?
खतासाठी प्रामुख्याने ‘आयसेनिया फेटिडा’ ही जात वापरतात. ती ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांत वरच्या थरातच राहते. खोल बिळे करत नाही. गांडूळ ओलसर त्वचेतून श्वास घेते. त्यामुळे उन्हाने तापलेल्या शेतात ही जात मरते. मातीत राहणाऱ्या अनेक स्थानिक जाती मात्र उन्हाळ्यात खोल जाऊन सुप्तावस्थेत राहतात आणि पावसाळ्यात वर येतात.

उपाय काय?
तयार खत शेतात टाकावे, गांडुळे बेडमध्येच ठेवावीत. शेतातील गांडुळांना ओल, सावली आणि खाद्य हवे. त्यासाठी उसाचे पाचट न जाळता आच्छादन म्हणून पसरावे, शेणखत द्यावे, अनावश्यक नांगरट टाळावी. कीटकनाशके व तांबेयुक्त बुरशीनाशके गरजेपुरतीच वापरावीत. एवढे केले तर गांडुळे विकत आणावी लागत नाहीत.