पाहिलेलं आणि ऐकलेलं

युद्ध डोळ्यांनी पाहून मराठीत लिहिलेला सर्वांत दमदार वृत्तांत कोणता, असं कुणी विचारलं की मी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चं नाव घेतो. तो लिहून घेतला कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांनी. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे, वैद्यांच्या घरचे उपाध्ये. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड पेटलं. १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा भटजी शहराच्या आत अडकले होते.

डोंबिवलीत राहून बातमीदारी करताना हे पुस्तक मी आमच्या कामाचा धडा म्हणून वाचत आलो आहे. भटजींना लढाईच्या डावपेचांची माहिती नव्हती, पण काय बघावं याची उपजत जाण होती. तोफगोळे पडताना लोक कुठे लपले, पाणी कुठून आणलं, प्रेतांचं काय झालं, हे ते सांगतात. शहर पडल्यावरच्या लुटीचा क्रम ते दिवसवार देतात: आधी सोनं-चांदी, मग भांडीकुंडी, कपडे, शेवटी धान्यसुद्धा. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला, त्याचं दुःख त्यांनी जिवाच्या आकांताने मांडलं आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटली. पठाणी वेश, अंगभर धूळ. भटजी पाणी काढायला पुढे झाले, तर तिने त्यांना थांबवून स्वतःच पाणी ओढलं. राणी थकलेली कशी दिसत होती, हे त्या पानावर कळतं.

याच पुस्तकात ऐकीव मजकूरही भरपूर आहे. राणीला मरण आलं तेव्हा भटजी ग्वाल्हेरला नव्हते. तो भाग लोकांकडून कानावर आलेला. अशा जागी अभ्यासक सावध होतात, तारखा आणि घटनाक्रम ताडून घेतात. झाशीची पानं मात्र साक्ष म्हणून भक्कम उभी राहतात. युद्धाच्या बातमीदाराचं निम्मं काम हेच आहे: पाहिलेलं एका बाजूला, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला ठेवणं.

२०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून असेच दोन रकाने पाडले. कल्याण-डोंबिवलीतली वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं तिकडे अडकली होती. युक्रेनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणून आमचे फोन मध्यरात्र उलटून गेल्यावर चालायचे. खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनात आसरा घेतलेल्या मुलाला पहिला प्रश्न, ‘जेवलास का?’ दुसरा, ‘मोबाइलचं चार्जिंग किती उरलंय?’ त्यावरून ठरायचं की किती वेळ बोलायचं. मग एकेक गोष्ट सुटी करून विचारायची. स्फोट पाहिलास की आवाज आला? खिडकी कुठल्या दिशेची? हा व्हिडिओ तू काढलास की ग्रुपवर आला? ‘ग्रुपवर आला’ म्हटलं की तो मजकूर उजव्या रकान्यात. तिथून डावीकडे यायला दुसरा साक्षीदार लागायचा, किंवा दुकानाची पाटी, बर्फ, सावली यांचा मेळ बसावा लागायचा.

२ मार्चला भारतीय दूतावासाने खारकीव्ह ताबडतोब सोडायला सांगितलं. वाहन मिळालं नाही तर पायी पेसोचिन, बाबाय किंवा बेझल्युदोव्हका गाठा, अशी सूचना होती. आदल्याच दिवशी कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये मारला गेला होता. सूचना आली त्या संध्याकाळी इथले आईवडील मला विचारत होते, ‘रस्ता सुरक्षित आहे का हो?’ माझ्याकडे त्या रस्त्याची कितीतरी वर्णनं आली होती, पण त्यावरून चाललेल्या माणसाचं एकही नव्हतं. तेवढंच मी त्यांना सांगितलं. कुणाची आई समोर असताना ऐकीव गोष्ट धीर म्हणून देणं फार सोपं असतं, आणि त्या धीरावर विसंबून मूल रस्त्यावर उतरू शकतं. मुलं वाटेत असेपर्यंत त्यांची नावं आणि ठिकाणं छापायची नाहीत, हा आमचा दुसरा नियम होता.

ही मुलं भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ या सुटका मोहिमेतून परतली. आता पुढचं काम उरलं आहे, आणि ते वैद्यांनी केलं त्या जातीचं आहे. भटजी परतल्यावर सुमारे पाव शतकाने, १८८३च्या सुमारास, वैद्यांनी त्यांना लिहायला लावलं. इंग्रजी राज्यात ते छापणं धोक्याचं होतं. पुस्तक निघालं १९०७ साली, भटजींच्या पश्चात. वैद्यांनी मजकुरात फेरफारही केले. मूळ हस्तलिखितावरचा पाठ द. वा. पोतदारांनी १९६६ साली आणला, तेव्हा कुठे भटजींचा स्वतःचा आवाज वाचकांपर्यंत पोचला.

आपल्याला इतकी वाट पाहायचं कारण नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून. अशा संस्थांनी या मुलांना बोलावून त्यांच्या साक्षी त्यांच्याच शब्दांत, तारीखवार नोंदवून ठेवाव्यात. काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे वेगळं सांगायला लावावं. या दोहोंतली सीमा आज त्यांना आठवते. दर वर्षागणिक ती पुसट होत जाईल.