लिहायचं कशावर?

"मराठीत काहीतरी लिही," असं कुणी म्हटलं की तुम्ही काय करता? कोरा कागद समोर घेऊन बसता. दहा मिनिटं जातात. मग म्हणता, "मला काही सुचतच नाही!"

आता एका अशा कवयित्रीची गोष्ट वाचा, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावात, शेतकरी घरात झाला. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. पहाटे जात्यावर धान्य दळायचं, चूल पेटवायची, मग शेतात राबायचं. हात कामात असायचे आणि तोंडाने ओव्या चालू असायच्या.

ओव्या कशावर? शेतावर, चुलीवर, सुगरण पक्ष्याच्या घरट्यावर! ते घरटं इतरांनाही रोज दिसत होतंच. पण बहिणाबाई जरा जास्त वेळ बघायच्या. एवढीशी चोच, तरी पक्षी इतकं सुंदर घर विणतो. मग माणसाला तर दोन हात आहेत! असं बघता बघता गाणं सुचायचं. शब्द कुठले? पुस्तकातले नाहीत. घरात, शेतात बोलायच्या त्या खानदेशी बोलीतलेच.

त्यांचे मुलगा सोपानदेव हेही कवी होते. आईची काही गाणी घरात लिहून ठेवलेली होती. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. जी गाणी कुणी लिहून ठेवली नाहीत, ती मात्र त्यांच्याबरोबरच गेली.

तुमच्या घरी जातं नसेल, शेतही नसेल. पण रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल येतो ना? ती फोन इतका जवळ धरते की नुसता चष्मा आणि कपाळ दिसतं. "जेवलास का?" हा तिचा पहिला प्रश्न. ती दर वेळी हेच का विचारते? बघा, इथेच तुमचं लिखाण सुरू झालं!

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. रोजचीच एखादी गोष्ट नीट बघा. तिच्याबद्दल एक प्रश्न विचारा. मग घरी बोलता तशाच मराठीत लिहा. एखादा शब्द आठवला नाही तर थांबू नका; येईल तो शब्द लिहा आणि नंतर आई-बाबांना विचारा.

करून बघा: या रविवारी आजीला किंवा आजोबांना विचारा, "तू लहानपणी पावसात शाळेत कशी जायचीस?" किंवा "आजोबा, तुम्ही कसे जायचात?" उत्तरातली पाच वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. शुद्धलेखन नंतर बघू. आधी ते शब्द कागदावर येऊ देत. तुम्ही लिहिले नाहीत, तर कोण लिहिणार?