काचेतील इवले पाहुणे

सुरत म्हटले म्हणजे जर, रेशीम आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. उद्योगासाठी खानदेशातून तेथे जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे इतकी आहेत की, लिंबायत किंवा उधना भागात फिरताना आपण जळगाव-धुळ्याकडेच आहोत की काय, असा भास व्हावा. याच सुरतेत, तापीच्या पलीकडच्या पाल भागात, महानगरपालिकेने २०१४ साली एक मत्स्यालय उघडले आणि त्यास थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांचे नाव दिले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले तेव्हापासून कित्येक पिढ्यांच्या बालपणात त्याला जे स्थान होते, तेच स्थान सुरतेच्या मुलांच्या मनात या नव्या मत्स्यालयाला मिळावे, हे साहजिक आहे.

मत्स्यालय पाहून आलेले मूल घरी आल्यावर एकच हट्ट धरते: "आपल्याकडेही मासे आणा!" हट्ट वाईट नाही. मुक्या जिवाची निगा राखणे हे मुलांना शिस्त व दया शिकविणारे काम आहे. परंतु पुष्कळ घरी याचा शेवट दुःखात होतो. बाजारातून काचेचे गोल भांडे आणि दोन-चार रंगीत मासे येतात, आठ दिवस कौतुक होते, आणि एके सकाळी मासे पाण्यावर उताणे तरंगताना दिसतात. मुले रडतात, वडीलधारी माणसे दुकानदाराला दोष देतात. असे का होते, याचा आपण थोडा विचार करू या.

माशाची विष्ठा व उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशाला विषासारखा असतो. निसर्गाने यावर उपाय योजिला आहे. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात आणि दुसरे जिवाणू त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. ते वाळूवर व फिल्टरमध्ये वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आणल्या दिवशीच ती माशांनी भरणे म्हणजे त्यांना विषात सोडण्यासारखे आहे. आणि दर आठवड्याला सारे पाणी ओतून, वाळू चकचकीत धुणारी गृहिणी नकळत हे उपकारी जिवाणूच धुऊन टाकीत असते. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे, एवढे पुरे. नळाचे पाणी असल्यास ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो.

पेटी किती मोठी असावी? दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. आठ-दहा इवल्या माशांना ती बरी. या पाण्याचेच वजन ५५ किलो होते, हे ध्यानात घेऊन बैठक भक्कम करावी. पेटी उन्हात ठेवू नये. शेवाळ माजते व उन्हाळ्यात पाणी तापते. खाणे चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. उपाशी राहून मेलेल्या माशांपेक्षा अतिखाण्याने बिघडलेल्या पाण्यात मेलेले मासेच अधिक! आपल्या खेड्यापाड्यांतून वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. हवेचा पंप बंद पडला म्हणजे गर्दीच्या पेटीतील मासे आधी गुदमरतात. म्हणून मासे थोडेच असणे हे शहाणपणाचे.

आता मासे निवडावे कोणते? नियम सोपा आहे: आपल्या पाण्याला मानवेल तो मासा घ्यावा. निऑन टेट्रा हा निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा मासा पाहताच मन मोहून जाते. पण तो दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ पाण्यात वाढणारा. १९३६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. आपल्या विहिरींच्या जड पाण्यात तो सहसा टिकत नाही. गप्पी व मोली मात्र अशा पाण्यात सुखाने नांदतात.

दूर देशीचेच मासे सुंदर असतात असेही नाही. अंगावर निळे पट्टे मिरविणारा झेब्रा मासा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या इंग्रज अमदानीतील वैद्याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. दीड इंचाचा हा जीव आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, कारण माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना त्याच्या शरीरात जोडीदार सापडतात. गोव्याकडच्या ओढ्यांत आढळणारा पेथिया सेटनाई हा चिमुकला मासा छापगर व साने या अभ्यासकांनी १९९२ साली शास्त्राला परिचित करून दिला. अशा दुर्मिळ जाती मात्र ओढ्यातून पकडून आणू नयेत व आणवू नयेत. पाळणाऱ्याच्या हौसेपायी ओढा ओस पडावा, हे कोणाही विचारी माणसाला रुचणार नाही. पेटीतच पैदास झालेले मासे मागून घ्यावेत.

दुकानात आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे. काचेसारखे पारदर्शक शरीर असलेला एक भारतीय मासा आहे. त्याच्या अंगात सुईने रंग टोचून तो गुलाबी, हिरवा करून विकण्याची क्रूर चाल व्यापारात पडली आहे. टोचलेला रंग काही महिन्यांत उडतो, आणि जखमांमुळे मासा रोगाला बळी पडतो. गिऱ्हाइकाने पाठ फिरविली, तर ही चाल आपोआप बंद पडेल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मासे नकोसे झाले, की कित्येक दयाळू माणसे त्यांना गावच्या तळ्यात, बावखलात किंवा नदीत "मोकळे" सोडतात. ही दया नव्हे. पेटीतील शेवाळ खाण्यासाठी आणलेला सकर मासा असाच नद्यांत पोहोचला. आज उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. गप्पीचीही तीच कथा. तो डासांच्या अळ्या खातो, म्हणून आरोग्य खाते बंदिस्त टाक्यांत व हौदांत त्याचा उपयोग करते, आणि तेथे तो खरोखरच उपकारक आहे. पण तो अंडी न घालता जिवंत पिले देतो, सुमारे महिन्या-महिन्याला. एका संगमावर मादी अनेक वेळा प्रसवते. मोकळ्या पाण्यात एकदा शिरला, की त्याला बाहेर काढणे कोणाच्याही हाती राहत नाही. आपल्या तळ्यांत अळ्या खाणारे, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले देशी मासे पूर्वापार आहेतच. परक्याच्या गर्दीत त्यांचाच घास हिरावला जातो.

तेव्हा ज्यांना मासे सांभाळणे जमेनासे झाले, त्यांनी ते दुकानदाराला परत द्यावेत किंवा शेजारच्या हौशी घरी द्यावेत. आणि ज्यांना पेटी आणावयाची आहे, त्यांनी आधी पेटी, मग पाणी, मग महिनाभराचा धीर, आणि सर्वांत शेवटी मासे, हा क्रम मोडू नये. मुलांना हा महिना फार मोठा वाटेल. त्यांना रोज पाणी पाहू द्या, वनस्पतींना फुटलेली नवी पाने मोजू द्या. ज्या मुलाने महिनाभर रिकामी पेटी सांभाळली, ते पुढे मासेही सांभाळील, असा आमचा विश्वास आहे.