हाती बैल, तोंडी गोष्ट



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय घरातल्या रोपाचा, म्हणजे लहान मुलांचा आहे.

गेल्या हंगामात फडाच्या पाहणीला गेलो असता बांधावर तोडणी टोळीतली चारेक वर्षांची मुलगी बसलेली दिसली. नाव विचारले, गाव विचारले. पोर काही बोलेना. शेजारी पाटाची ओली माती होती. आम्ही दोन ओबडधोबड बैल केले, उसाच्या कांडीची गाडी केली, तिच्यापुढे ठेवली आणि गप्प बसलो. थोड्या वेळाने तिने गाडीवर मूठभर पाचट अंथरले, त्यावर एक चिंधी निजवली आणि आपणहून सांगू लागली, "माय फडात गेली. अंधार हाय. बाळ गाडीतच निजलंय. बैल राखतेत त्याला."

जिला नाव सांगवेना, तिने अख्खी पहाट सांगितली.

ही युक्ती काही आमची नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर चालले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले अशा गावच्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या.

नुसते "गोष्ट सांग" म्हटले की मूल अडते. सगळेच मनात जुळवावे लागते ना! वस्तू हाती असली की पुढचे तीच सुचवते. बैल आला की चारा आला, पाणी आले, वाट आली.

घरी काय करावे? चिंधीची बाहुली, बेंदराचे मातीचे बैल, रिकामी काडेपेटी, जुनी घोंगडी एवढे पुष्कळ झाले. घोंगडी उभारली की डोंगर, पसरली की नदी! एका वेळी दोन-तीनच वस्तू द्याव्यात. "मग काय झालं?" एवढे विचारावे आणि थांबावे. बैल झाडावर चढला तरी चढू द्यावा. चूक काढली की गोष्ट तिथेच वाळते. तीच गोष्ट दहादा सांगितली तरी ऐकावी. मात्र तीन वर्षांच्या आतील मुलांना चिंचोके, मणी, बुचे देऊ नयेत, घशात अडकतात.

आणखी एक विनंती. आपल्या फडात टोळी उतरेल तेव्हा घरचे एखादे जुने खेळणे घेऊन कोपीवर जावे, नातवालाही सोबत न्यावे. दोन पोरे एका बैलाची गोष्ट सांगतील. आपण बांधावर बसून ऐकावी. तिच्यात आपल्याच उसाची गोष्ट निघेल.

— ऊस विकास अधिकारी