पुस्तक, पालक आणि आम्लेट

दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या वर्गातल्या आठ जणांनी एक वाचक मंडळ काढले. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, सर्वांनी एकच पुस्तक वाचून यायचे आणि त्यावर बोलायचे, एवढाच नियम. पहिल्या तीन बैठका झाल्या त्या घरांत सोफा होता, पुस्तकांचे कपाट होते आणि बशीतून काजू आले होते. चौथी पाळी माझी. आमचे घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली आणि मागे पत्र्याची मोरी. घरात पुस्तके आहेत ती माझीच, अभ्यासाची. काहीतरी थाप मारून पाळी टाळावी, असे मी जवळजवळ ठरवले होते.

पुस्तक होते व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’चा मराठी संक्षेप. पुस्तक फ्रेंच, तर खाणेही फ्रेंच हवे, अशी एकाने टूम काढली. फ्रेंच लोक खातात तरी काय, हे शोधायला मी ग्रंथालयात गेले आणि तेथे मला दोन बायका भेटल्या.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ‘सलाँ’ भरत. सलाँ म्हणजे मूळ दिवाणखाना. पुढे त्यात भरणाऱ्या बैठकीलाच ते नाव पडले. लेखक आपले ताजे लिखाण तेथे वाचून दाखवीत, त्यावर वाद होत, आणि बैठकीची सूत्रे बहुधा घरच्या बाईच्या हाती असत. अशीच एक मादाम जॉफ्रँ (१६९९–१७७७). राजवाड्यातल्या एका नोकराची मुलगी, लहानपणीच पोरकी झालेली, आजीने वाढवलेली. चौदाव्या वर्षी जवळजवळ पन्नाशीच्या श्रीमंत माणसाशी तिचे लग्न लावून दिले. शिक्षण बेताचेच, तिचे शुद्धलेखन अखेरपर्यंत कच्चे होते. (हे वाचून मला फार बरे वाटले.) आणि अशा बाईच्या घरी सोमवारी चित्रकार व बुधवारी साहित्यिक जेवायला येत! ज्या विश्वकोशाचा पहिला खंड १७५१ साली निघाला आणि ज्यावर पुढे सरकारने बंदी आणली, त्या कामाला तिने पैशाची मदत केली. दुपारी एकच्या सुमारास जेवण उरकायचे, म्हणजे सारी दुपार बोलण्याला मोकळी. वाद फार तापला की ‘छान, झाले तर मग’ अशा अर्थाचे दोन शब्द बोलून ती विषय मिटवी.

मार्मोंतेल नावाचा लेखक काही वर्षे तिच्याच घरात राहात असे. रात्रीच्या घरगुती बैठकीला ती काय वाढी, हे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे: बहुतेक वेळा एक कोंबडी, पालक आणि आम्लेट. मी ते दोनदा वाचले. पालक आणि आम्लेट तर आमच्याकडेही होते.

दुसरी ज्यूली द लेस्पिनास. तिच्या जन्माला बापाचे नाव नव्हते. १७६४ पासून तिने स्वतःची बैठक भरवली. पैसा नसल्यामुळे ती जेवण देतच नसे. संध्याकाळी पाच ते नऊ नुसते बोलणे, आणि तरी माणसे रोज येत. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “न्हाई बाई, कुणाला उपाशी लावायचं न्हाई. काय ते कर, पर कर.”

मग केले. महिनाअखेर असल्याने कोंबडी गाळली. पालकाच्या चार जुड्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून घट्ट पिळल्या व बारीक चिरल्या. लोण्यात दोन चमचे मैदा परतून त्यात पेलाभर दूध थोडे थोडे घालून ढवळत राहिले. गुठळ्या होतात त्या येथेच, तेव्हा हात थांबवू नये. त्यात पालक, मीठ, मिरपूड आणि किसलेले जायफळ. हे जायफळ खास फ्रेंच बरे का! आपण ते पुरणात घालतो, ते पालकात घालतात.

आम्लेट मात्र आपल्यासारखे नाही. कांदा नाही, मिरची नाही. लोणी फेसाळले, की फेटलेली अंडी ओतून काट्याने हलवत राहायचे आणि वरचा भाग ओलसर असतानाच गुंडाळायचे. तांबूस डाग पडला तर बिघडले म्हणे. आईने पहिले आम्लेट पाहिले आणि “कच्चंच की हे!” म्हणून दुसऱ्यात मिरची घातली. तेच आधी संपले, हे प्रामाणिकपणे नमूद करते. अंडी न खाणाऱ्या दोघांना पालक आणि पाव. एक चूक झाली: चर्चा आधी सुरू केली, त्यामुळे पालक गार झाला. त्या बाबतीत जॉफ्रँबाईंचेच खरे, आधी जेवण.

आम्ही चटईवर गोल करून बसलो होतो. बहिणीच्या सात उपाशी मुलांसाठी पाव चोरणारा जाँ व्हालजाँ, त्याची पाच वर्षांची शिक्षा, पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षे. आमच्यापैकी एक जण न्याय, समाज, करुणा असे मोठमोठे शब्द वापरीत होता. आई चुलत्यांकडून आणलेली ताटे पुसत दाराशी बसली होती. ती एकदम म्हणाली, “आन् त्या सात पोरांचं फुडं काय झालं?”

कोणालाच सांगता येईना. आमच्या संक्षेपात ते नव्हते, आणि ते नाही हे आमच्या लक्षातही आले नव्हते. काजूवाल्या घरच्या मैत्रिणीने पुस्तक पुन्हा चाळले, मग मिटून ठेवले. त्यानंतर बोलणे त्या मुलांवरच चालले, आठ वाजून गेले तरी कोणी उठेना.

पुढच्या आठवड्यात मी ग्रंथालयातून संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणले. शब्दकोश घेऊन बसले, तेव्हा ते सापडले. तुरुंगात व्हालजाँला बहिणीची बातमी एकदाच कळते. ती पॅरिसमध्ये एका छापखान्यात छापलेली पाने दुमडण्याचे आणि शिवण्याचे काम करीत असते. जवळ फक्त सर्वांत धाकटा मुलगा. बाकीची सहा कोठे आहेत, हे कदाचित तिलाही ठाऊक नसावे, असे ह्यूगो म्हणतो.

रात्री आईला हे सांगितले. “म्हंजे हुडकायलाबी कुनी गेलं न्हाई,” ती म्हणाली, आणि परात पुढे ओढून पीठ मळायला लागली.